किलोमीटर नकोत, खाड्या सांगा

सहा दिवसांची सायकल टूर आटोपून परवा घरी आले. गुडघ्यांना तेल चोळता चोळता हे लिहितेय, तेव्हा मजकुरात थोडी कुरकुर जाणवली तर सांभाळून घ्या.

टूरच्या जाहिरातीत एक ओळ होती: 'समुद्राच्या कडेकडेने निवांत राईड, नवशिक्यांनाही सहज जमेल.' ही लिहिणाऱ्याने कोकणचा नकाशा पाहिला असेल, कोकण पाहिलेलं नाही. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे मी वाचूनच हसले होते. पण बरोबरच्या चौदा जणांपैकी निम्म्यांना ते खरं वाटलं होतं. त्यात त्यांची चूक नाही. रस्ता समुद्राला चिकटून दिसतोय म्हणजे तो सपाट असणार, असं घाटावरच्या कुणालाही वाटेल.

आमच्याकडची गंमत अशी आहे की सह्याद्रीतून निघालेली नदी थोडंसं धावते आणि समुद्राला मिळताना तिची खाडी होते. दोन खाड्यांच्या मध्ये सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. गावं खाली, पुळणीला म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला नाहीतर खाडीकाठाला, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता वरून, सड्यावरून. म्हणजे गाव आलं की उतरा आणि गाव संपलं की चढा. दिवसभर हेच. त्यापेक्षा खंबाटकीसारखा एकच मोठा घाट परवडला, तो एकदाचा संपतो तरी. इथले चढ लांबीला किरकोळ, पण उभे. उतारावर कमावलेलं सगळं पुढच्या वळणावर परत द्यावं लागतं.

चौथा दिवस गुहागर ते रत्नागिरी. कागदावर 80-85 किलोमीटर. रात्री माझ्या घड्याळाने चढाई दाखवली 1,300 मीटरच्या वर. पुणेकरांसाठी सांगते, पायथ्यापासून सिंहगडाचा रस्ता एका दिवसात दोनदा चढल्यासारखं झालं. हा आकडा जाहिरातीत का नसतो? राईड आखताना फोनमधलं ॲप तो आपणहून दाखवतं. लपवला म्हणत नाही मी, पण सांगावासा वाटला नाही एवढं नक्की.

सकाळी व्याडेश्वराला हात जोडून निघालो. कॅप्टनने (ग्रुप लीडरला हल्ली कॅप्टन म्हणतात) सूचना दिली, "ॲव्हरेज ताशी अठरा किलोमीटरच्या खाली नको, तवसाळची फेरीबोट गाठायची आहे." रोड बाइकवाली पाच-सहा मुलं सुसाट गेली. त्यांच्यामागून कॅप्टन गेला, आणि जेवणाचं बघायला म्हणून बॅकअप टेम्पोही पुढे गेला. हे माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. बॅकअप म्हणजे मागे असणारा ना? पुढे जाऊन जेवण सांगणाऱ्या गाडीला दुसरं काहीतरी नाव द्या.

पालशेत सोडून वर चढताना ग्रुपमधल्या काकांना वांब आले, म्हणजे पायात पेटके. काका बँकेतून रिटायर झालेले, वय 62, सायकल जुनी हायब्रीड. सगळ्यात हलका गिअर टाकून ते गोगलगायीच्या वेगाने पण न थांबता चढत होते, आणि अचानक एक पाय पेडलवर तसाच राहिला. उतरताही येईना. मी आणि आणखी एकाने धरून त्यांना जांभ्याच्या गडग्यावर बसवलं. पोटरीत लिंबाएवढा गोळा कातडीखाली सरकताना दिसत होता, तो पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. हेल्मेटच्या काळ्या पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. अंगातलं मीठ गेलं कुठे, याचं उत्तर त्या पट्ट्यावरच होतं.

फोनला रेंज नाही. टेम्पो पुढे. चिरे भरलेला एक ट्रक लाल धुरळा उडवून गेला. समोरच्या घरातून एक वहिनी आल्या, काहीएक न विचारता काकांचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा धरून पाऊल वर वाकवलं. मग आत जाऊन तांब्याभर आगळाचं, म्हणजे कोकमाच्या रसाचं पाणी आणलं, मीठ जरा जास्तच घातलेलं. "सावकाश प्या हो, घाई कसली?" घाई कसली, हे आम्हालाही सांगता येईना. पैशाचं नाव काढल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माहेरचं नाव सांगून सुटका करून घ्यावी लागली.

तिथे अर्धा तास गेला. पण त्या अर्ध्या तासात मला दिवसातली पहिली गोष्ट नीट दिसली. कलमांना मोहोर फुटला होता, वाऱ्यावर त्याचा वास होता आणि त्यात मिसळलेला फवारणीचाही. तोवर मी फक्त पुढच्या सायकलचं मागचं चाक पाहत आले होते. हेदवीचा दशभुजा गणपती आम्ही रस्त्यावरूनच नमस्कार करून सोडला. भरतीला पाणी उसळतं ती बामणघळ तिथून हाकेच्या अंतरावर, तीही सोडली. तोवर ॲव्हरेजचं भूत आमच्याही मानेवर बसलं होतं.

आणि मग तवसाळ.

उतार संपवून धक्क्यावर पोचलो तर रोड बाइकची मंडळी सावलीत आडवी झालेली. आदली फेरीबोट त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली होती. पुढची आत्ता लागत होती. आम्ही सायकली थेट बोटीवर ढकलल्या. त्यातला एक पोरगा खरंच चकित होऊन म्हणाला, "ताई, तुम्ही इतक्यात कशा आलात?" काय सांगणार! काकांनी सांगितलं. म्हणाले, "बाळा, आम्ही हळू आलो म्हणून वेळेवर आलो." बोटीवर पहिल्यांदा चौदाच्या चौदा जण एकत्र होतो. मोटारसायकली, दोन कार, एक मासळीचा टेम्पो, आणि मध्ये आमच्या सायकली एकमेकींना टेकून. पलीकडे जयगड.

सायकलवाल्यांच्या आणखी एका सवयीबद्दल लिहायचंय. शास्त्री नदीच्या मुखावरून बोट चालली की आम्ही सगळे हळवे होतो. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गावर खाड्यांवर पूल होणार म्हटलं की उसासे टाकतो. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून, म्हणजे 1980 च्या आसपासपासून, या रस्त्याचं बोलणं चालू आहे. मीही बोटीवर असंच काहीतरी बोलून गेले. शेजारी एक बाई मुलाला घेऊन रत्नागिरीला दवाखान्यात निघाल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "रात्री बोट नसते हो. मग भातगावच्या पुलावरून वळसा." पुढे मी काही बोलले नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या माझ्या फोटोसाठी त्यांनी पुलाशिवाय का राहायचं?

जयगडच्या धक्क्यावरून लगेच चढ, हे आता तुम्हाला सांगायला नको. या वेळी मात्र काकांना आम्ही मध्ये घेतलं आणि टेम्पो शेवटी ठेवायला लावला. कॅप्टनचा चेहरा उतरला, पण ऐकलं त्याने. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी दहा मिनिटं थांबलो. गणपतीपुळ्याला जेवण झालं आणि जेवणानंतरचं ऊन काही बोलू नये असं. एका चढावर तर मी स्वतः उतरून सायकल ढकलली. दोन किलोमीटर पुढे काका टेम्पोत बसले. त्यावर ग्रुपवर कुणीतरी रडका इमोजी टाकला, तो मला अजिबात आवडला नाही. टेम्पोचं भाडं त्यांनीही भरलंय.

आरे-वारेला ते पुन्हा उतरले. म्हणाले, हा तुकडा मी सोडणार नाही. डोंगराच्या कडेने वर चढणारा रस्ता आणि वळणावर दोन्हीकडे पसरलेल्या पुळणी, ऊन उतरणीला लागलेलं. तिथे कुणी ॲव्हरेज विचारलं नाही. रोड बाइकवाल्या पोरांनीसुद्धा पेडलला अडकणारे क्लिटचे बूट काढले आणि अनवाणी वाळूत गेली.

रत्नागिरीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. रात्री जेवताना कॅप्टनने दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. "उद्या देवगडकडे. पहिला टप्पा सोपा आहे."

काकांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "आणि खाड्या किती?"

कॅप्टनने बोटं मिटायला सुरुवात केली. भाट्ये, पूर्णगड, जैतापूर... मग थांबला, खिशातून फोन काढला आणि नकाशा मोठा करून बघत बसला.