तयार पॅकेज असताना कंपाइल कशाला? निपाणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर आजच्या मशीनवर हुबेहूब चालवणारा एम्युलेटर म्हणजे फ्यूज; तो सोर्सवरून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून, कसा बांधायचा, यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमच्या तीन हरकती आहेत. डेबियन लिनक्सवर फ्यूजचं तयार पॅकेज एका कमांडीत बसतं, मग खेड्यातल्या पोरांना कॉन्फिगर (मशीनवर काय आहे ते तपासून पर्याय ठरवणं) आणि मेक (प्रत्यक्ष बांधणी) यांच्या भानगडीत का पाडता? निवडायचं ते सगळं मेनूत असावं, कंपाइल करताना पर्याय ठरवणं ही जुनाट पद्धत झाली. आणि मी सुचवलेल्या ऑप्टिमायझेशनमुळे तुमच्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर फ्यूज उघडतच नाही. शेवटी लिहिलंय, ‘मी १९८८ साली डीबी स्पेक्ट्रम वापरलाय, तेव्हा आम्हाला कुणी कंपाइल करायला लावलं नव्हतं.’

भाच्याचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. ‘एम-आर्च नेटिव्ह’ हा पर्याय दिला की कंपायलर समोरच्या प्रोसेसरला येणाऱ्या सगळ्या सूचना बिनधास्त वापरतो. तोच तयार प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून जुन्या प्रोसेसरवर नेला, की ज्या सूचना त्याला ठाऊकच नाहीत त्या समोर येतात आणि ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून तो बंद पडतो. भाच्याचं नेमकं हेच झालंय. शिवाय त्या पर्यायाची गरजही नव्हती. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर चालतो ३.५ मेगाहर्ट्झवर. ४८ के मॉडेलमध्ये पडद्याची एक चौकट म्हणजे ६९,८८८ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाच्या टिकटिकी), आणि अशा चौकटी सेकंदाला साधारण ५०. एवढं काम पंधरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरही सहज करतो. लेखातली ती ओळ आज काढली आहे. भाच्याला म्हणावं, तो पर्याय वगळून त्याच्याच मशीनवर पुन्हा कंपाइल कर.

बाकी दोन हरकती मात्र मला पटत नाहीत.

डेबियनच्या पॅकेजांच्या यादीत फ्यूज शोधून बघा. एक नाही, दोन सापडतील: एक जीटीकेवालं, एक एसडीएलवालं. एकाच एम्युलेटरची दोन पॅकेजं का? कारण पडदा कुठल्या लायब्ररीनं रंगवायचा हे फ्यूजमध्ये कंपाइल करतानाच ठरतं. एका बांधणीत एकच. मेनूतून ते बदलता येत नाही. म्हणजे तुमच्या त्या एका कमांडीआधीही कुणीतरी कॉन्फिगर चालवलंय, पर्याय निवडलेत, आणि तुम्ही त्याची निवड घेतलीत. ती बहुतेक वेळा चांगलीच असते. पण निवड झालीच नाही, असं नव्हे.

मी उद्यमबागेत लेथवर काम केलंय, म्हणून मला हे असं दिसतं. स्पीड, फीड जॉब चालू असताना कमीजास्त करता येतो. पण जॉब पकडायला थ्री-जॉ चक लावायचा की फोर-जॉ, ते मशीन सुरू करायच्या आधीच ठरवावं लागतं. ४८ के की १२८ के, टेप जलद चालवायची की मूळ वेगानं, हा सगळा फीड, आणि तो फ्यूजच्या मेनूत आहेच. जीटीके की एसडीएल, आवाज कुठल्या ड्रायव्हरनं काढायचा, कुठल्या लायब्ररी आत घ्यायच्या, हा चक. खानापूर तालुक्यातल्या ज्या मराठी शाळेत मी रविवारी जातो, तिथली मशीनं एक जीबी मेमरीची आहेत. तिथे मी एसडीएल घेतो. त्या मशीनवर तेवढाच भार कमी.

आता पोरांचं.

मामांचं शहापुरात कापडाचं दुकान होतं. डेसिबेल्स कंपनीनं १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला, तोच तुमचा डीबी स्पेक्ट्रम. मामांनी तो घेतला आणि दुकानाच्या उधारीचा हिशेब बेसिक भाषेत लिहून कॅसेटवर ठेवला. गेल्या पावसाळ्यात ती कॅसेट सापडली. मी ती सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दरानं वेव्ह फाइलमध्ये उतरवून घेतली. टेपवर स्पेक्ट्रम शून्य लिहितो तो ८५५ टी-स्टेटच्या दोन ठोक्यांनी आणि एक लिहितो तो १,७१० च्या दोन ठोक्यांनी. ८५५ टी-स्टेटचा ठोका या दराला साधारण अकरा नमुन्यांत बसतो, म्हणजे एक-शून्य ओळखायला पुरेसा. फाइल ठीक होती. तरी फ्यूज ती उघडेना.

तीन संध्याकाळी मी फ्यूज पुन्हा पुन्हा कंपाइल केला. दोष फ्यूजमध्ये नव्हताच. टेपच्या फाइली वाचायचं काम लिबस्पेक्ट्रम ही वेगळी लायब्ररी करते, ती आधी बांधावी लागते, आणि वेव्ह वाचायला तिला लिबऑडिओफाइल लागते. ती नसेल तर कॉन्फिगर थांबत नाही. वेव्हची सोय वगळून पुढे जातं, आणि बांधणी व्यवस्थित पूर्ण होते.

चौथ्या दिवशी, रविवारी, शाळेतल्या मशीनवर लिबस्पेक्ट्रम नव्यानं बांधत होतो. ओळी भराभर वर सरकत होत्या, मी दुसरीकडे बघत बोलत होतो. आठवीतली एक मुलगी पडद्याला नाक लावून बसलेली. म्हणाली, ‘‘काका, हितं ऑडिओफाइल पुढं नो आलंय की.’’ लायब्ररी मशीनवर होती, पण कंपाइल करायला लागणारं तिचं डेव्ह पॅकेज नव्हतं. हेडर फाइली त्या पॅकेजमधून येतात, आणि त्या नसल्या की कॉन्फिगरच्या दृष्टीनं लायब्ररीच नाही. कॉन्फिग डॉट लॉग उघडला, तर कुठली फाइल मिळाली नाही ते नावानिशी लिहिलेलं होतं. ते पॅकेज बसवलं, लिबस्पेक्ट्रम पुन्हा बांधलं, मग फ्यूज.

टेप जलद चालवायचा पर्याय मुद्दाम बंद ठेवला. लोड देऊन टेप सुरू केली. कडेच्या पट्ट्यात लाल-आकाशी रेघा सरकायला लागल्या, तो ओळखीचा लांब सूर पाच सेकंद वाजला, मग निळ्या-पिवळ्या रेघांची एक झलक, आणि पडद्यावर ‘प्रोग्रॅम’ या शब्दापुढे मामांनी दिलेलं नाव उमटलं: ‘उधारी’, इंग्रजी अक्षरांत. वर्गात कुणी बोलेना. मामा आता नाहीत.

मेनूत कितीही शोधलं असतं तरी ती कॅसेट उघडली नसती, साहेब. पर्याय होता तो त्या सरकणाऱ्या ओळींत, आणि त्या पोरीनं तो वाचला म्हणून सापडला. पोरांना मी भानगडीत पाडतो ते एवढ्यासाठी.

तुमचं एक म्हणणं मी लेखाच्या सुरुवातीलाच घालणार आहे. ज्याला नुसते खेळ खेळायचेत, मशीन बऱ्यापैकी आहे आणि टेपच्या फाइली टॅप किंवा टीझेडएक्स प्रकारच्या आहेत, त्यानं खुशाल तयार पॅकेज घ्यावं. फक्त मूळ रॉमचं, म्हणजे स्पेक्ट्रमच्या आत कायम बसवलेल्या प्रोग्रॅमचं, बघावं. त्यांचा हक्क ॲमस्ट्रॅड या कंपनीकडे गेला होता, एम्युलेटरबरोबर वाटायला तिनं परवानगी दिली आहे, पण डेबियन त्या नॉन-फ्री (पूर्ण मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरच्या) विभागात ठेवतं. तो विभाग चालू केलेला नसेल तर रॉमचं पॅकेज मिळत नाही आणि लोकांना वाटतं फ्यूजच बिघडलाय.

आणि ज्यांच्याकडे पॅकेजमधलं लिबस्पेक्ट्रम आधीपासून आहे, त्यांनी हातानं बांधण्यापूर्वी ते काढून टाकावं. दोन प्रती राहिल्या की फ्यूज कुठली उचलतोय ते कळत नाही, आणि केलेला बदल दिसतच नाही.

राहता राहिलं १९८८. तुम्हाला कुणी कंपाइल करायला लावलं नाही हे खरं, पण तुमच्या मशीनमध्ये बेसिक रॉममध्येच होतं आणि चालू केल्या केल्या तुम्ही काहीतरी लिहायला लागला असणार. ते कॅसेटवर ठेवलं होतं का? असेल, तर ती पुन्हा पुन्हा वाजवून बघू नका, जुनी टेप ताणली जाते. बेळगावला येणं झालं की घेऊन या. माझ्याकडे हेड साफ केलेला डेक आहे आणि लिबस्पेक्ट्रम आता ऑडिओफाइलसकट बांधलेलं आहे.