ऑक्सिमीटर असला तरी कॅप्नोग्राफ लागतोच

‘बोटाला ऑक्सिमीटर असताना कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर) लावणं म्हणजे बिल फुगवणं,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतो. श्वास चालू आहे का, हे नाही. भूल देण्याआधी पेशंटला भरपूर ऑक्सिजन देतात, त्यामुळे श्वास थांबला तरी बोटावरचा आकडा काही मिनिटं ९८-९९ राहू शकतो. श्वासनलिकेत घालायची नळी चुकून अन्ननलिकेत गेली तरी तेच. नळीवरचा काडेपेटीएवढा सेन्सर मात्र उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचे अवरक्त किरण किती शोषतो ते पाहतो. श्वास थांबला की आलेख लगेच सपाट. एरवी कार्बन डायऑक्साइडच्या दाबाचा आकडा ३५ ते ४५ मिमी पारा असतो. बिलाबद्दल विचारा की, खुशाल विचारा! पण ऑपरेशन टेबलावर हा सेन्सर नको म्हणू नका.