ज्येष्ठ नागरिक, हाफ

माझं वय ४६. हे आधीच सांगून ठेवतो, कारण परवा ताम्हिणीच्या जंगलात एका माणसाने मला परस्पर ज्येष्ठ नागरिक करून टाकलं आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये.

मित्राला कुठूनतरी 'कुणालाच माहीत नसलेला' धबधबा कळला होता. गाडी लावली, भातखाचरांच्या बांधावरून आत शिरलो, पुढे नुसतं कारवीचं रान. चिखल एवढा की कारवीच्या काठ्या धरत धरतच चढायचं, पायाखालून बोटाच्या पेराएवढे खेकडे आडवे पळतायत, मोबाईलची रेंज गेलेली, मित्र म्हणतोय बघ, इथे कुत्रं फिरकत नाही. आणि समोर पाटी. पत्र्यावर लाल ऑइलपेंटने 'गुप्त धबधबा', खाली बाण.

पाटीशेजारी निळी ताडपत्री, तिच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक तिशीतला माणूस, मांडीवर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पावतीपुस्तक.

"धबधबा चालू आहे का?" मी विचारलं.

"चालू हाय ना. सकाळीच सोडलाय."

"सोडलाय? कोणी?"

"वरनं."

आता हसू नका, या भागात पाणी वरून कोणीतरी सोडतं हे खोटं नाही. मुळशीचं पाणी खरं तर पुण्याकडे वाहणारं, पण धरण झालं आणि ते उलटं वळवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात नेलं. ज्यांची खाचरं बुडणार होती त्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढे होते, तरी धरण झालंच. तेव्हा त्या माणसाशी वाद घालायचा मला नैतिक अधिकार नव्हता. पण हा धबधबा म्हणजे कातळावरून ओघळणारं पावसाचं पाणी, दिवाळीनंतर इथे टिपूस नसणार, याला कोण सोडणार?

"आणि पाणी नसलं तर?"

"पैसं परत. पन पानी हाय का न्हाई ते मी ठरवनार."

मित्राची तीस रुपयांची पावती फाडली. मग माझ्याकडे बघितलं. आधी दाढी, मग हातातली काठी (जी चिखलामुळे होती!), आणि लिहिलं पंधरा. "बाबांचं हाफ."

मित्र माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा आहे. कलप लावतो.

"अहो, फुल घ्या," मी म्हटलं.

"असूद्या बाबा."

"असूद्या काय? मी ४६ चा आहे."

"आधार हाय का?"

आधार गाडीत होतं.

"मग कसं करायचं? पुराव्याबिगर फुल देता येत न्हाई."

म्हणजे आयुष्यभर सवलतीसाठी पुरावे जोडायचे आणि इथे सवलत नाकारायला पुरावा. मागे लाईन लागली होती (कुणालाच माहीत नसलेल्या धबधब्याला), त्यातली एक मुलगी फार प्रेमाने म्हणाली, "बाबा, पुढे निसरडं आहे, हात देऊ का?" मित्र हसून हसून खाली बसला. त्याने तो किस्सा सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय, तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला गुडघ्याचं तेल सुचवलंय.

धबधबा होता. चांगला होता, पण त्याच्याखाली उभं राहायला नंबर लावायचा, शेजारी स्पीकरवर रिमिक्स, कातळाच्या खाचेत बिअरच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं, एका कुटुंबाने तर वापरलेला डायपर दगडाखाली नीट दाबून ठेवलेला. दरवर्षी कोणीतरी वाहून जातं, मग बंदीचे बोर्ड लागतात, आणि बोर्डाला टेकून लोक फोटो काढतात. मला खरंच संताप आला.

परत येताना त्या माणसाला म्हटलं, पैसे घेताय तर निदान कचरा तरी उचला.

"उचलायचं काय त्यात बाबा? मोठा पाऊस आला की जातंय सगळं खाली."

"खाली कुठे?"

"कोकनात. तिकडचे बघतील."