कोलंबोहून यायची आपली जुनी गाणी

आमच्या कराडच्या घरात सकाळी घड्याळाकडे बघावं लागायचं नाही. रेडिओवर सैगल लागला की आठ वाजायला तीन मिनिटं कमी. "सैगल लागला, अजून वेणी घातली नाहीस?" हे आईचं वाक्य मी शाळेची सगळी वर्षं ऐकलं. दप्तर, डबा, चपला, आणि जिना उतरताना मागून येणारा तो आवाज.

गायक-नट कुंदनलाल सैगल १८ जानेवारी १९४७ ला गेले. माझा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. तरी त्यांचा आवाज मला घरातल्या माणसाच्या आवाजासारखा ओळखीचा आहे. आणि तो आमच्या घरी आला पुण्याहून नाही, मुंबईहून नाही, तर समुद्रापलीकडच्या कोलंबोहून.

सकाळी साडेसात ते आठ, 'पुरानी फिल्मों का संगीत'. रेडिओ सिलोन. शेवटचं गाणं रोज सैगलचं. १९६७ साली रेडिओ सिलोनचं सिलोन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झालं, १९७२ मध्ये देशाचंच नाव बदललं तेव्हा श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झालं. आमच्याकडे मात्र ते शेवटपर्यंत सिलोनच राहिलं. "सिलोन लाव गं" एवढंच अण्णा म्हणायचे.

हल्ली जुन्या गाण्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, आता सगळी गाणी मोबाईलवर आहेत, रेडिओचं एवढं काय घेऊन बसलात? मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हे केंद्र इतकं ताकदवान झालं ते लढाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचं मुख्यालय सिलोनमध्ये होतं. दूरदूर पसरलेल्या सैनिकांपर्यंत आवाज पोचावा म्हणून कोलंबोजवळ एकाला इथे १०० किलोवॅटचा लघुलहरी ट्रान्समीटर उभा राहिला. १९४९ मध्ये ही सगळी यंत्रणा सिलोनच्या ताब्यात आली. लघुलहरी वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावर आपटतात आणि शेकडो मैलांवर खाली उतरतात. म्हणून तर कोलंबोपासून जवळपास १३०० किलोमीटरवरच्या आमच्या माजघरात ते केंद्र लागायचं.

नुसता ट्रान्समीटर असून चालत नाही, ऐकणाराही लागतो. तो त्यांना आपल्या सरकारने मिळवून दिला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, स्वतः धृपद शिकलेला माणूस. चित्रपटगीतांमुळे देशाचा कान बिघडतोय असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी कमी झाली, आणि जी लागायची त्यांच्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगायचं नाही असं ठरलं, कारण नाव घेणं म्हणजे जाहिरात. निर्माते बिथरले, त्यांनी परवानगीच काढून घेतली. झालं, लोकांनी सुई फिरवली आणि कोलंबो लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सिलोनवर सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज पुन्हा आपल्याकडे यायचा.

केसकरांना आजही लोक नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, आकाशवाणीचं संगीत संमेलन हे त्यांच्याच काळातलं, आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली तेव्हाही मंत्री तेच होते. पण एक गोष्ट त्यांच्या हातून निसटली असं मला मनापासून वाटतं. १९३० आणि ४० च्या दशकांतलं चित्रपटसंगीत हा रागदारीपासून फार दूर गेलेला प्रकार नव्हताच. प्रभातचे संगीतकार मास्टर कृष्णराव काय बाहेरचे होते? शांता आपट्यांनी गायलेली प्रभातची हिंदी गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती सिलोनवर. आज पुण्यात जिथे एफटीआयआय ही चित्रपटांची शिक्षणसंस्था आहे, त्या प्रभातच्या आवारात तयार झालेलं गाणं कोलंबोला फिरून कराडला आलं. लहानपणी यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

गीतमालेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी त्यात शिरत नाही. माझा जीव त्या सकाळच्या अर्ध्या तासात अडकलाय. अमीरबाई कर्नाटकी, जोहराबाई अंबालेवाली, राजकुमारी, खुर्शीद, पंकज मलिक, दुर्रानी. ही गाणी तेव्हाच जुनी झाली होती. ती लावून कुणाचा साबण खपणार नव्हता, की कुठला नवा सिनेमा चालणार नव्हता. तरी गोपाल शर्मा, मनोहर महाजन, दलबीर सिंह परमार, विजयालक्ष्मी, आणि पुढे खुद्द श्रीलंकेच्या पद्मिनी परेरा यांच्यासारखे निवेदक कपाटातून लाखेच्या तबकड्या काढून ती वाजवत राहिले. ज्या भाषेत आपण जन्मलो नाही त्या भाषेतलं चाळीस वर्षांपूर्वीचं गाणं कोण कुठल्या गायिकेचं, हे पद्मिनीबाई शांतपणे सांगायच्या. गायिकेचं नाव कधी घाईत उरकलं नाही.

आमचा रेडिओ मर्फीचा. २५ आणि ४१ मीटरच्या जागी काचेवर अण्णांनी चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे लावले होते. खिडकीपासून समोरच्या खुंटीपर्यंत जाळीची एरियल. पावसाळ्यात खरखर वाढायची, आणि ऐन अंतऱ्यात आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा व्हायचा, मग पुन्हा वर यायचा. अण्णा मांडीवर वही घेऊन बसायचे. रोजमेळाची लांबडी वही, दुकानातली उरलेली. तारीख, चित्रपट, साल, गायक, संगीतकार असे रकाने पाडलेले. आवाज बुडाला आणि नाव ऐकू आलं नाही, तर ती जागा पेन्सिलीने चौकट करून मोकळी ठेवायची. तेच गाणं पुन्हा कधी लागेल तेव्हा चौकटीत शाईने नाव भरायचं. काही चौकटी दोन-दोन वर्षांनी भरल्या आहेत, तशी तारीखही त्यांनी बाजूला घातली आहे.

मोबाईलचं म्हणणं मला पटत नाही ते इथे. मोबाईलवर गाणं शोधायला त्याचं नाव माहीत असावं लागतं. राजकुमारी नावाची गायिका होती हेच ज्याला ठाऊक नाही, तो तिला शोधणार कसा? ॲपला माझी आवड कळते म्हणतात. मी काल जे ऐकलं त्यासारखंच ते आज पुढे करतं. सिलोनने माझी आवड कधी विचारली नाही. आठवीतल्या मुलीच्या कानावर जोहराबाई घातली. पहिल्यांदा नको वाटली, विसाव्यांदा थांबून ऐकली. रोज ठरलेली वेळ, कुणीतरी जाणत्याने निवडलेली गाणी, आणि घरात सगळ्यांनी एकच ऐकायचं. यातलं काहीही नुसत्या साठ्यातून मिळत नाही.

१९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि कंपन्यांचा पैसा हळूहळू सिलोनकडून तिकडे वळला. १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली. मग टीव्ही, मग एफएम. लघुलहरीची खरखर कोण सोसणार? विविध भारतीने 'भूले बिसरे गीत' जपलं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आता मुंबई-पुण्यातल्या खासगी एफएमवर 'जुनं' म्हणजे १९९० चं. पंचवीस वाहिन्यांची जाहिरात करण्याऐवजी एखाद्या केंद्राने रोज अर्धा तास १९५० च्या आधीच्या गाण्यांना द्यावा. ऐकणारे तयार होतात, आम्ही झालोच ना. आणि कोलंबोतल्या त्या तबकड्या सांभाळण्याचा भार एकट्या श्रीलंकेवर का? संगीत आपलं, गायक आपले. आपल्या सरकारने आणि आपल्या ध्वनिमुद्रिका संग्राहकांनी त्यासाठी पैसा आणि माणसं द्यायला हवीत. हे मी उपकार म्हणून म्हणत नाही, ते आपलं देणं आहे.

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. वह्या माझ्याकडे आहेत, एकूण सात. गेल्या महिन्यात एकेक पान मोजलं तेव्हा ४१ चौकटी अजून मोकळ्या निघाल्या. प्रत्येकीच्या बाजूला गाण्याचे ऐकू आले तेवढे शब्द त्यांनी लिहून ठेवलेत. इथे बरेच जाणकार आहेत, म्हणून रोज संध्याकाळी एका चौकटीचा फोटो टाकणार आहे. ओळखता आलं तर खाली नाव लिहा. आणि तुमच्या घरात माळ्यावर अशी वही असेल तर रद्दीत घालण्याआधी मला एकदा कळवा, मी स्वतः न्यायला येईन.