चोपड्याच्या वाचकांस उत्तर : व्हायझर आणि जड झालेली काच

नमस्कार दादा,

डोअर व्हायझर म्हणजे दाराच्या काचेवर पाऊस अडवायला लावायची पट्टी. ती चॅनलमध्ये, म्हणजे काच ज्या रबरी खाचेत सरकते तिच्यात, बसवल्यावर काच २४ ते ७२ तास बंद ठेवा, नाहीतर काच वरखाली करणाऱ्या मोटारीवर ताण येतो, असे मी लेखात लिहिले होते. त्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चार वर्षांपूर्वी आपण असेच व्हायझर लावले, चॅनलमध्ये ग्रीसचे बोट फिरवले, त्याच दिवशी काचा वरखाली केल्या आणि ‘मागची डावी काच जरा जड जाते, पण जाते’, असे आपण लिहिता. पुढे म्हणता की, ‘ज्यांनी डोअर पॅड (दाराचे आतले आवरण) कधी उघडून पाहिले नाही, त्यांनी लोकांना मोटारीची भीती घालू नये.’ काच सहज सरकावी म्हणून मी नुसते ‘सिलिकॉन लावा’ लिहिले, यावरही आपला आक्षेप आहे.

तो आक्षेप मान्य. ‘सिलिकॉन स्प्रे’ असे पूर्ण लिहायला हवे होते, कारण हार्डवेअरच्या दुकानात नुसते सिलिकॉन मागितले तर फटी बुजवायची ट्यूब हातात पडते आणि ती चॅनलमध्ये गेली तर काच जागीच चिकटेल. लेखात दुरुस्ती केली आहे.

डोअर पॅडचे वाक्य मात्र मी सोडून देऊ शकत नाही. माझ्या वडिलांचे भुसावळला गॅरेज होते आणि शाळा सुटल्यावर माझी संध्याकाळ तिथेच जात असे. पॅडच्या क्लिपा न मोडता कशा काढायच्या, हे मी मिसरूड फुटण्याआधी शिकलो. ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत, त्याचे हात कशाला लागले आणि कशाला नाहीत, हे आपण कोणत्या आधारावर ठरवलेत?

भीतीचेही सांगतो. २०१९ च्या जुलैत धुळ्यातल्या एका दुकानात मी माझ्या गाडीला व्हायझर बसवून घेतले. काच वर जाताना दोन बोटे उरली की थांबायची आणि आपोआप खाली यायची. ज्या काचेला बोट अडकू नये म्हणून सोय केलेली असते, तिच्या मोटारीचा वेग अडथळ्याने मंदावला की यंत्रणा तिथे हात सापडला असे समजते आणि काच उलट फिरवते. दुकानातला मुलगा मात्र बटण ओढतच राहिला. ही सोय नसलेल्या काचेची मोटार तशीच रेटत राहते, तापते आणि आतला कटआउट तिला बंद पाडतो. थंड झाल्यावर ती पुन्हा चालते आणि मालकाला वाटते, दुखणे गेले. प्रत्यक्षात सगळा ताण काचेच्या मशीनमधल्या वायरवर आणि प्लास्टिकच्या सरकणाऱ्या तुकड्यावर आलेला असतो.

तिसऱ्या दिवशी पारोळ्याजवळ ‘कट’ असा आवाज झाला आणि काच दारात उतरली. एरंडोलमार्गे जळगावपर्यंत मी युरियाच्या रिकाम्या गोणीचे प्लास्टिक दाराला चिकटवून पावसात आलो. पॅड मी स्वतः उघडले, तेव्हा वायर पुलीवरून सुटलेली होती आणि प्लास्टिकच्या तुकड्याची आकडी मोडलेली होती. ती आकडी आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. यालाच आपण पुस्तकी पांडित्य म्हणता!

काच पूर्ण बंद करून २४ ते ७२ तास ठेवायची ती रबराला व्हायझरच्या कडेप्रमाणे दबायला वेळ मिळावा म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात रबर लवकर नरम पडते, तेव्हा एक दिवस पुरतो; डिसेंबरात तीनही दिवस ठेवावेत. नंतर इंजिन चालू ठेवून काच चार बोटेच उतरवावी आणि वर नेताना दोन्ही तळव्यांनी आधार द्यावा. ती अडली तर बटण लगेच सोडावे. साधे ग्रीस तर कधीच लावू नये. त्याने रबर फुगते आणि तापीकाठची बारीक काळी धूळ त्यात बसून चॅनलमध्ये लगदा होतो.

टेपने चिकटवायचे व्हायझर उन्हात सुटतात, वेगात शिट्टी वाजते, हे आपले मुद्दे माझ्या लेखाचे विषयच नव्हते, म्हणून त्यांत शिरत नाही. गाडीचे मॉडेलही आपण लिहिलेले नाही, त्यामुळे आपल्या चार वर्षांवरून इतरांना काय सांगायचे, हे मला कळत नाही.

आपली ती मागची डावी काच आज घड्याळ लावून बंद करा, मग उजवी करा आणि दोन्हींचे सेकंद मला कळवा. फरक दिसला तर पॅड उघडण्यापूर्वी व्हायझर काढून, ग्रीस पुसून पुन्हा पाहा.