पॅसिव्ह लोडवरही परावर्तन गुणांक १ ओलांडतो

“पॅसिव्ह लोडवरून परतणारी लाट आलेल्या लाटेपेक्षा मोठी असूच शकत नाही. गुणांक १ च्या वर दिसला तर मोजणी चुकली, नाहीतर ऊर्जेचा नियम मोडला.” रेडिओवाल्यांत हे विधान सतत फिरतं. (पॅसिव्ह लोड म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेला, स्वतः ऊर्जा न पुरवणारा भाग; गुणांक म्हणजे परतणारी व्होल्टेजची लाट भागिले आलेली लाट.) ते अर्धं खरं आहे, म्हणूनच इतकं टिकलंय.

आधी आकडे. अर्धा मिलिमीटर तांब्याच्या टेलिफोन जोडीचा रोध जाऊन-येऊन किलोमीटरला सुमारे १७६ ओम आणि कपॅसिटन्स ५० नॅनोफॅरड धरा. १ किलोहर्ट्झला इंडक्टन्सचा वाटा किरकोळ असतो. म्हणून लाइनचा इम्पिडन्स (लाटेचं व्होल्टेज भागिले तिचा प्रवाह) येतो साधारण ७५० ओम, कोन उणे ४५ अंश. म्हणजे ५३० ओम रोध आणि तितकाच, शक्ती न खाणारा, कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स. टोकाला ११९ मिलिहेन्रीचा आदर्श इंडक्टर लावा, त्याचा रिअॅक्टन्सही ७५० ओम. आता, कोन धरून, लोड वजा लाइन भागिले लोड अधिक लाइन: वर १,३८५, खाली ५७४. गुणांक २.४१! एक अधिक वर्गमूळ दोन, हीच खरी कमाल मर्यादा.

“मग जादा ऊर्जा आली कुठून?” कुठूनच नाही. परतलेली शक्ती गुणांकाच्या वर्गाने काढायची, हा हिशेब लाइनचा इम्पिडन्स निखळ रोध असेल तरच जुळतो. रिअॅक्टन्स आला की दोन्ही लाटांचं मिळून एक पद उरतं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. वरच्या उदाहरणात सामाईक गुणक वगळता वर्गाचा हिशेब उणे २,५५९ देतो, हे पद अधिक २,५५९. बेरीज शून्य, आदर्श इंडक्टर शक्ती खातच नाही.

“मग लाट वाढत जाऊन लाइन आपोआप ऑसिलेट होईल.” नाही. असा कोन येतो तोच मुळी लाइनच्या तोट्यामुळे. ही जोडी किलोमीटरला सुमारे १.४४ डेसिबल खाते, त्यामुळे लोडपासून २.६५ किलोमीटर मागे येईतो गुणांक १ वर उतरलेला असतो.

“सूत्रात लाइनचा संयुग्मी (रिअॅक्टन्सचं चिन्ह उलटलेला) इम्पिडन्स घ्या, मग १ च्या वर जात नाही.” खरंय, पण कुरोकावांनी १९६५ मध्ये मांडलेल्या त्या पॉवर-वेव्ह आहेत, म्हणजे शक्तीच्या हिशेबासाठी घेतलेल्या राशी, लाइनवरच्या व्होल्टेजच्या लाटा नव्हेत.

उरला मीटर. व्हीएनएचा (परावर्तन मोजणाऱ्या व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझरचा) संदर्भ ५० ओम, निखळ रोध. तिथे मूळ विधान बरोबरच आहे. कोअॅक्सचा इम्पिडन्स ५० ओम आणि उणे अर्धा ओम रिअॅक्टन्स असेल, तर त्या लाइनवरची मर्यादाही जेमतेम १.०१. तेव्हा पॅसिव्ह अँटेनावर व्हीएनए १.०५ दाखवत असेल, तर केबलच्या टोकाशी ओपन-शॉर्ट-लोड (टोक उघडं, मग शॉर्ट, मग ज्ञात लोड लावून) कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि कनेक्टर घट्ट आहे का पाहा.