हजार लोकांना विचारून काय कळतं? कळतं, पण कुठले हजार ते बघा

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला, तिसऱ्यांदा तरी असेल. "अमेरिकेतले सगळे ओपिनियन पोल बोगस. ३३ कोटींचा देश, हजार जणांना विचारतात आणि म्हणतात अमेरिकेला असं वाटतं. तुम्हाला कधी कोणी विचारलंय का? लँडलाईनवर म्हातारे सापडतात तेवढेच. २०१६ ला सगळे तोंडावर आपटले. प्रश्न फिरवून विचारतात, आणि जो पैसे देईल त्याचा पोल." खाली अंगठ्यांची रांग, आणि त्यात मी ज्यांना मानते असे दोन-तीन काका पण होते म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी न्यू जर्सीत एका औषध कंपनीसाठी ट्रायलच्या डेटावर काम करते, त्यामुळे सॅम्पल, ग्रुप, कोण सुटलं कोण राहिलं हेच दिवसभर चालू असतं. पण राग त्यासाठी नाही येत. इलेक्शन दोन-चार वर्षांनी येते, मधल्या काळात इन्शुरन्स, अबॉर्शन, बंदुका, इमिग्रेशन यावर साध्या माणसाला काय वाटतं हे वर पोचायचे रस्ते फार थोडे आहेत. एकीकडे लॉबीवाले आणि टीव्हीवर ओरडणारे, आणि दुसरीकडे हे पोल. पोल बोगस म्हणून उडवून दिले की मग ओरडणारेच उरतात.

तर पहिला मुद्दा, हजार लोक कमी पडतात. ऐकायला एकदम पटतं आणि नेमकं तेच चूक आहे. शितावरून भाताची परीक्षा आपणच करतो ना, मग घरच्या चौघांचा भात असो नाहीतर लग्नातलं पातेलं, पातेलं मोठं आहे म्हणून कोणी पसाभर शितं चाचपत नाही. हजार जण खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले तर आकडा साधारण तीन टक्के इकडे किंवा तिकडे चुकतो, आणि देश ३३ कोटींचा असला काय किंवा ३३ लाखांचा, गणित तेच राहतं. ती चूक निम्मी करायची तर चार हजार माणसं लागतात, खर्च चौपट, म्हणून बरेच जण हजार-दीड हजारावर थांबतात.

पण पातेलं ढवळलेलं नसेल आणि वरचा भात मऊ नि तळाचा करपलेला असेल, तर वरून कितीही शितं घेतली तरी करपल्याचा पत्ता लागणार नाही. १९३६ च्या प्रेसिडेंटच्या इलेक्शनला हेच झालं. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकवाल्यांनी जवळजवळ एक कोटी लोकांना कार्डं पाठवली, वीस लाखांच्या वर भरून परत आली, आणि त्यावरून त्यांनी छापलं की रूझवेल्टच्या विरोधात उभे असलेले लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली, लँडनना मिळाली फक्त मेन आणि व्हरमाँट. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतून आणि गाड्यांच्या रजिस्ट्रेशनमधून, आता मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि गाडी कोणाच्या घरी असणार? शिवाय रूझवेल्टवर चिडलेले लोक कार्ड आठवणीने भरून पाठवत होते, बाकीचे टाकून देत होते. त्याच वेळी पोल घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनी त्यापेक्षा कितीतरी लहान सॅम्पलवर रूझवेल्ट येणार म्हणून सांगितलं होतं. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. म्हणजे वीस लाख कार्डं चुकली, कारण ती ठराविक घरांतूनच आली होती. किती जणांना विचारलं हे नंतर बघा हो, आधी ते कुठून आणले ते बघा.

लँडलाईनचा मुद्दा एका वाक्यात संपतो. आज अमेरिकेत सत्तर टक्क्यांहून जास्त मोठी माणसं अशा घरात राहतात जिथे लँडलाईनच नाही, आणि फोनवर पोल घेणारी चांगली लोकं बहुतेक फोन मोबाईलवरच करतात.

खरी भीती वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे आणि ती फॉरवर्डमध्ये नाहीच. १९३६ ची चूक आज इंटरनेटवर परत होतेय. पॉइंट किंवा गिफ्ट कार्ड मिळतं म्हणून आपणहून येऊन कोणीही भरावा असा सर्व्हे असतो ना, तो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अशा एका ऑनलाईन पोलवरून बातमी फिरली की तिशीच्या आतल्या २० टक्के अमेरिकन मुलांना होलोकॉस्ट, म्हणजे हिटलरने केलेलं ज्यूंचं हत्याकांड, हे थोतांड वाटतं. मला ते वाचून झोप लागली नव्हती, माझा मुलगा कॉलेजात आहे. मग प्यू रिसर्च सेंटर या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने तोच प्रश्न आपल्या पॅनेलला विचारला, जे पॅनेल पोस्टाच्या पत्त्यांमधून रँडम निवडून बनवलेलं आहे, आणि तिथे त्याच वयाच्या मुलांत आकडा आला ३ टक्के. त्याच प्यूने आधी एका अशाच कोणीही-भरा सर्व्हेत मुद्दाम विचारून बघितलं होतं की तुमच्याकडे न्यूक्लियर पाणबुडी चालवायचं लायसन्स आहे का, तर तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी हो म्हटलं! न वाचता टिकमार्क करत सुटलेली लोकं ती, आणि त्यांच्या टिकमार्कवरून एका अख्ख्या पिढीला नावं ठेवली गेली. तेव्हा काका, पोलवर संशय घ्यायचाच असेल तर इथे घ्या.

आता २०१६. देशभरच्या पोलची सरासरी सांगत होती की क्लिंटन साधारण तीन टक्क्यांनी पुढे, आणि मतं मोजल्यावर त्या दोन टक्क्यांनी पुढे होत्या, ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मतं. पण प्रेसिडेंट देशभरच्या मतांवर नाही, राज्यवार निकालांवर ठरतो, आणि चुकले ते राज्यांचे पोल. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, तिन्हीकडचा फरक एकत्र केला तरी ८०,००० मतं भरत नाहीत आणि प्रेसिडेंट त्यावर ठरला. पोलवाल्यांच्याच संघटनेने नंतर तपासणी करून जाहीर सांगितलं की बऱ्याच जणांनी शेवटच्या आठवड्यात मन बनवलं, आणि राज्यातल्या कित्येक पोलनी शिक्षणाप्रमाणे आकडे सारखे करून घेतले नव्हते, म्हणजे कॉलेज शिकलेल्यांची जास्त आलेली उत्तरं लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणात आणली नव्हती. कॉलेज शिकलेली माणसं सर्व्हेला पटकन हो म्हणतात, तीच क्लिंटनकडे झुकलेली होती, म्हणजे परत वरचा भात. २०२० ला शिक्षणाचं बऱ्याच जणांनी दुरुस्त केलं तरी देशपातळीवरची चूक चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी निघाली, हे मी लपवणार नाही. २०२२ ला पोल छान बसले, आणि २०२४ ला परत ट्रम्पना थोडं कमी दाखवलं. आयोवातल्या एका नावाजलेल्या पोलने हॅरिस तीनने पुढे दाखवल्या आणि ट्रम्प तेरा टक्क्यांनी जिंकले. चुकतात, आणि गेल्या तिन्ही प्रेसिडेंटच्या इलेक्शनला एकाच बाजूने चुकले, त्याची काळजी त्या धंद्यातल्या लोकांनाही आहे. पण काही टक्क्यांनी चुकणं आणि बोगस असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लढत काट्याची असली की तेवढ्यात निकाल फिरतो, आणि ७० विरुद्ध ३० असा मामला असला की चित्र हलत नाही.

प्रश्न फिरवून विचारतात हा मुद्दा मात्र बरोबर आहे, अर्धा तरी. जनरल सोशल सर्व्हेने ऐंशीच्या दशकात निम्म्या लोकांना विचारलं की वेलफेअरवर, म्हणजे सरकारी मदतीवर, सरकार फार कमी खर्च करतं का, आणि निम्म्यांना विचारलं की गरिबांना मदत करण्यावर फार कमी खर्च करतं का. पहिल्याला जेमतेम पाव लोक हो म्हणाले, दुसऱ्याला साठ टक्क्यांच्या वर. २०१३ ला सीएनबीसी या टीव्ही चॅनेलने ओबामाकेअरला, म्हणजे ओबामांच्या आरोग्य विम्याच्या कायद्याला, विरोध आहे का विचारलं तर ४६ टक्के हो, आणि त्याच कायद्याचं अफोर्डेबल केअर ॲक्ट हे कागदावरचं नाव घेतलं तर ३७. पण हे आपल्याला कसं कळलं? पोलवाल्यांनीच निम्म्या-निम्म्यांना दोन्ही शब्दांत विचारून पाहिलं आणि छापलं म्हणून. नुसता आकडा दाखवून प्रश्न लपवणारा पोल दिसला की सोडून द्या, प्रश्नाचे शब्द छापणारा असेल तर वाचा.

आणि मुद्द्यांवरचा पोल म्हणजे मतदान नाही, हे पण लक्षात ठेवायला हवं. बंदूक विकताना प्रत्येकाची आधी चौकशी करावी याला पोलमध्ये वर्षानुवर्षं ऐंशी टक्क्यांच्या वर पाठिंबा दिसतो, पण २०१६ ला हाच विषय मतपत्रिकेवर आला तेव्हा मेनमध्ये तो पडला आणि नेवाडात अक्षरशः काठावर पास झाला. प्रचार सुरू झाला, खर्च झाला, की मऊ पाठिंबा गळतो. उलट अबॉर्शनचं बघा, पोल सांगत होते की बहुसंख्य लोकांना ते कायदेशीर हवंय, टीव्हीवरच्या बऱ्याच जणांना ते पटत नव्हतं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यात ५९ टक्के लोकांनी जाऊन तो हक्क काढायच्या विरोधात मत दिलं.

पैसे देईल त्याचा पोल, हे उमेदवारांनी स्वतः करून घेतलेल्या पोलबद्दल खरं आहे, ते सोयीचे तेवढेच बाहेर येतात. सगळ्यांना तोच शिक्का मारू नका.

राहिलं ते "तुम्हाला कधी कोणी विचारलंय का". देशात साधारण २६ कोटी मोठी माणसं, पोलमध्ये हजार, म्हणजे एका पोलमध्ये तुमचा नंबर लागायची शक्यता २ लाख ६० हजारांत एक. वर्षाला असे हजार पोल झाले तरी २६० त एक. आणि हो, अशा हजारात आपले भारतीय असतात पंधराच्या आसपास, म्हणून "भारतीयांचं मत असं" म्हणून कोणी नेहमीच्या पोलमधून आकडा काढून दिला तर विश्वास ठेवू नका, त्यासाठी आपल्या लोकांचा वेगळा सर्व्हे करावा लागतो.

आमच्या घरी एकदा नंबर लागला. पांढरं पाकीट, नाव नाही, नुसतं रहिवासी आणि पत्ता, आत दोन कोऱ्या एकेक डॉलरच्या नोटा आणि पत्र, की घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात आधी येतोय त्यानेच भरायचं. नवरा लगेच पेन घेऊन बसला, त्याला राजकारणात फार रस. पण वाढदिवस सासूबाईंचा होता. तो म्हणाला काय फरक पडतो, मी भरतो. मी भरू दिलं नाही, कारण ज्याला हौस आहे तोच भरत राहिला तर परत वरचीच शितं ना! सासूबाईंचं इंग्लिश हळू आहे, त्या डायनिंग टेबलवर चष्मा लावून बसल्या आणि प्रत्येक प्रश्न दोनदा वाचून घेतला, एका ठिकाणी थांबून मला विचारलं, "सरकारी मदत म्हणजे नक्की कोणाला गं, लिहिलं नाहीये यात." मी सांगितलं, मला सांगता येणार नाही आई, तुम्हाला जे कळलं त्याचं उत्तर द्या. पाऊण तास लागला. सिटिझन झाल्यापासून दर इलेक्शनला मत देतात त्या, पण कोणाला काय वाटतं म्हणून विचारलेलं हे पहिल्यांदाच.

१९९७ ला प्यूच्या फोन पोलला शंभरातले ३६ जण बोलायला तयार व्हायचे, २०१८ ला सहा. अनोळखी नंबर बघून फोन कापणाऱ्या उरलेल्या चौऱ्याण्णवात आपल्या ग्रुपवरचे किती जण असतील? पाकीट आलं तर फेकू नका, आणि वाढदिवस ज्याचा असेल त्यालाच द्या.